इटलीच्या स्थानिक द्राक्षजाती व त्यांची प्रादेशिक वाइन

महाराष्ट्रात द्राक्ष म्हटले की बिनबियांचे, हिरवट-पिवळ्या रंगाचे, ताजे खाण्याचे द्राक्ष डोळ्यांपुढे उभे राहते. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील फार मोठे क्षेत्र थॉमसन सीडलेस या एका जातीच्या, किंवा तिच्यातूनच निवडलेल्या तास-ए-गणेश व सोनाका यांसारख्या जातींच्या लागवडीखाली आहे. इटली देशात स्थिती अगदी निराळी आहे. तेथील शास्त्रज्ञांनी व बागायतदारांनी आजवर ओळख पटवून नोंदविलेल्या स्थानिक जातींची संख्या साडेतीनशेहून अधिक भरते आणि त्यांपैकी कित्येक जाती एखाद्या तालुक्याएवढ्या टापूबाहेर कोठेही आढळत नाहीत. या जातींपासून त्या त्या गावची वाइन, म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून केलेले पेय, तयार होते. गावच्या नावानेच ते विकले जाते आणि त्या नावावरच गावाचा प्रपंच चालतो.

वाइनपानाची शिफारस करणे हा या लेखाचा उद्देश नाही. महाराष्ट्रात त्याविषयीचे कायदे व परवान्याचे नियम आहेत व ते पाळलेच पाहिजेत. परंतु जवळजवळ नाहीशा झालेल्या पिकाच्या जाती शेतकऱ्यांनी कशा शोधून काढल्या व त्यांवर चरितार्थ कसा उभा केला, हा विषय निव्वळ शेतीचा आहे. त्यात ग्रामसेवकांनी व बागायतदारांनी समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जाती इतक्या का?

इटलीचा आकार लांबट असून उत्तरेस आल्प्स पर्वताच्या बर्फाळ रांगा, तर दक्षिणेस आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरील सिसिली बेट आहे. मधोमध आपेन्नीनो पर्वताचा कणा गेला आहे. देशाचा बराचसा भाग डोंगराळ असल्यामुळे एका खोऱ्यातील हवामान शेजारच्या खोऱ्याशी जुळत नाही. शिवाय १८६१ पर्यंत हा एक देशच नव्हता. लहानमोठी राज्ये, जहागिऱ्या व नगरे यांत तो विभागलेला होता. एका खोऱ्यातील वेलाची काडी पलीकडच्या खोऱ्यात सहजासहजी जात नसे. शेतकऱ्याने आपल्या शिवारात जे तगले, ज्याला फळ बरे आले व जे रोगास कमी बळी पडले त्याचीच काडी पुढे लावली. ही निवड शेकडो वर्षे चालली. तिचे फळ म्हणजे आजची ही विविधता होय.

वाइनचे द्राक्ष व खाण्याचे द्राक्ष यांतील फरक येथेच सांगितलेला बरा. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड व आत बी असते. तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून व बियांतून उतरतो. म्हणून तिचा रस सालींसह आंबवितात. पांढऱ्या वाइनसाठी बहुधा रस आधी वेगळा काढून घेतात. मण्यांतील साखरेचे यीस्टच्या योगाने मद्यार्कात रूपांतर होते. वजन वाढावे म्हणून पाणी व खत भरपूर देण्याची पद्धत येथे उपयोगी नाही. बारोलो या नामांकित वाइनसाठी हेक्टरी ८ टनांपेक्षा, म्हणजे एकरी सुमारे ३२ क्विंटलांपेक्षा, अधिक माल नियमानेच घेता येत नाही. आपल्याकडील बागायतदारास हा आकडा वाचून हसू येईल. परंतु त्या गावी भाव मालाच्या वजनावर ठरत नाही, गुणावर ठरतो.

आणखी एक भेद आहे. आपल्याकडे वेलास हिवाळ्यात खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. इटलीत थंडीने पाने झडून वेल झोपी जातो. छाटणी हिवाळ्यात एकदाच होते आणि काढणी जातीप्रमाणे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चालते.

नेब्बिओलो व तिचा डोंगर

वायव्येकडील पिएमोंते प्रांतात आल्बा शहराभोवती लांगे नावाच्या टेकड्या आहेत. येथील मुख्य जात नेब्बिओलो. धुक्यास इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणतात. काढणीच्या दिवसांत टेकड्यांवर धुके उतरते त्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः सांगतात. तेराव्या शतकातील कागदपत्रांतही या जातीचा उल्लेख सापडतो.

ही जात लहरी आहे. तिचा डोळा इतर जातींच्या आधी फुटतो, त्यामुळे वसंतातील कडाक्याच्या थंडीचा धोका असतो. आणि फळ सर्वांत शेवटी पिकते, त्यामुळे शरदातील पावसाचाही धोका असतो. म्हणून तिला टेकडीचा दक्षिणेकडे तोंड केलेला उतारच लागतो. हिवाळ्यात ज्या उतारावरील बर्फ सर्वांआधी वितळते तोच उतार नेब्बिओलोचा, अशी जुन्या शेतकऱ्यांची खूण आहे. खालच्या व थंड जागी बार्बेरा व दोल्चेत्तो या दुसऱ्या स्थानिक जाती लावतात. माती चुनखडीयुक्त व चिकण आहे. नेब्बिओलोच्या काडीवरील बुडाकडचे पहिले काही डोळे वांझ असतात, म्हणून काडी लांब ठेवूनच छाटावी लागते. थॉमसन सीडलेसच्या बागायतदारास ही गोष्ट नवी वाटणार नाही.

याच टेकड्यांतील बार्बारेस्को गावाची हकिकत सहकारी चळवळीतील कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. १८९४ साली आल्बा येथील वाइनविद्येच्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी नऊ शेतकऱ्यांना एकत्र करून गावात सामुदायिक तळघर सुरू केले. तोपर्यंत येथील द्राक्षे शेजारच्या बारोलोच्या नावाखाली खपत. गावाला स्वतःचे नाव नव्हते. ते या संस्थेने मिळवून दिले. पुढे १९२० नंतरच्या फॅसिस्ट राजवटीत संस्था बंद पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर टेकड्यांवर दारिद्र्य आले. तरुण मंडळी तुरीन शहरातील कारखान्यांत निघून जाऊ लागली. एकट्या लहान शेतकऱ्यास भाव ठरविता येत नसे. काढणी झालेले द्राक्ष थांबत नाही, हे व्यापारी जाणून असे. १९५८ साली गावचे धर्मगुरू दोन फिओरीनो मारेंगो यांनी एकोणीस लहान शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र आणले. जागा नव्हती, तेव्हा पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात तयार झाली. सभासदाने आपले नेब्बिओलो संस्थेलाच द्यावे आणि मोबदला मालाच्या प्रतीप्रमाणे घ्यावा, असे धोरण ठरले. आज या संस्थेचे सभासद पन्नासच्या आसपास आहेत. सभासदसंख्या एवढी लहान असूनही तिच्या मालास साऱ्या जगात मान आहे. संस्था मोठी असली म्हणजेच चालते असे नाही.

अमेरिकेतून आलेली तीन संकटे

स्थानिक जाती मागे कशा पडल्या, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाकडे वळले पाहिजे. उत्तर अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर युरोपात एकामागून एक तीन शत्रू आले. १८५० च्या सुमारास भुरी पसरली. तिच्यावर गंधकाची धुरळणी लागू पडली. १८८० च्या सुमारास केवडा आला. त्यावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण सापडले. या दोहोंच्या दरम्यान मुळावर जगणारा फायलोक्सेरा हा सूक्ष्म, माव्यासारखा कीटक आला. फ्रान्सला त्याची झळ १८६० नंतर लागली. इटलीत तो १८७९ साली लोंबार्दिया प्रांतात प्रथम आढळला.

हा कीटक मुळातील रस शोषतो. त्याने केलेल्या जखमांतून मुळे कुजतात व वेल काही वर्षांत वाळून जातो. फवारणीचा त्यावर उपयोग झाला नाही. अमेरिकेतील जंगली वेलींची मुळे मात्र या कीटकास दाद देत नाहीत. तेव्हा अमेरिकन वेलीचा खुंट घेऊन त्यावर युरोपीय जातीचे कलम बांधावे, हाच उपाय ठरला. सिसिलीतील पालेर्मो येथे फेदेरिको पाउल्सेन यांनी अशा खुंटांची पैदास केली. त्यांचा ११०३ पाउल्सेन हा खुंट आजही कोरड्या व किंचित खारवट जमिनींत मान्यता पावलेला आहे. आपल्याकडे डॉगरीज किंवा ११० आर या खुंटांवर कलम करतात ते फायलोक्सेरासाठी नव्हे, तर पाण्याची टंचाई व क्षार सोसण्यासाठी. उपाय मात्र त्याच कुळातला.

सार्दिनिया बेटाच्या नैर्ऋत्येस सांत आंतिओको येथे वाळूची जमीन आहे. वाळूत या कीटकास मुळापर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळे तेथे कारिन्यानो जातीचे जुने वेल आजही स्वतःच्या मुळांवर, कलमाविना उभे आहेत.

कलम बांधून नवी बाग लावायची म्हणजे खर्च आला. शेतकऱ्याने स्वाभाविकच विचार केला की खर्च करायचाच, तर अधिक वजन देणारी, दरसाल हमखास फळणारी जात लावावी. कमी उत्पन्नाची, फुलगळ होणारी, उशिरा पिकणारी जुनी जात मागे राहिली. दोन महायुद्धे झाली, खेडी ओस पडली. १९६० नंतर यंत्राने नांगरता येतील अशा नव्या बागा लागल्या, त्यांतही याच विचाराने जाती निवडल्या गेल्या. कोणी मुद्दाम देशी जातींचा नाश केला असे नाही. ज्याने त्याने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज होऊन जाती नाहीशा होत गेल्या.

पेकोरीनो : मेंढपाळांच्या वाटेवरील द्राक्ष

मध्य इटलीतील मार्के व आब्रुत्सो या प्रांतांत मेंढपाळ उन्हाळ्यात डोंगरावर व हिवाळ्यात मैदानात आपले कळप नेत. आपल्याकडील धनगरांच्या वाटा जशा ठरलेल्या असतात तशाच त्यांच्याही होत्या. वाटेवरील वेलींची लवकर पिकणारी गोड द्राक्षे मेंढ्या आवडीने खात. मेंढीला तिकडे ‘पेकोरा’ म्हणतात, म्हणून या द्राक्षाचे नाव पेकोरीनो. मेंढीच्या दुधाच्या पनीरासही हेच नाव आहे. त्यामुळे ग्राहकाचा घोटाळा होतो.

पेकोरीनोचा घोस लहान व उत्पन्न बेताचे. त्रेब्बिआनो नावाची जात तिच्याहून कितीतरी अधिक माल देई. सबब पेकोरीनो बागांतून काढली गेली व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे फक्त नाव उरले. मार्के प्रांतातील ग्विदो कोच्ची ग्रिफोनी या बागायतदाराच्या मनात मात्र शंका होती की आपल्या प्रांतातील जुनी, चांगली पांढरी द्राक्षे गेली कोठे? १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांना आर्क्वाता देल त्रोंतो या डोंगरी गावी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, एका जुन्या मळ्यात या जातीचे वेल मिळाले. त्यांच्या काड्या आणून त्यांनी आपल्या शेतात कलमे बांधली. घाई केली नाही. वेल मोठे होऊ दिले, फळ पाहिले, रस पाहिला. केवळ पेकोरीनोची पहिली वाइन बाटलीत भरली गेली ती १९९० सालच्या हंगामाची.

फळात साखर भरपूर, पण आंबटपणाही टिकून राहतो, हा या जातीचा विशेष आहे. उष्ण हवामानात बहुतेक जातींचा आंबटपणा उडून जातो व वाइन बेचव होते. आता उन्हाळे अधिक तापू लागल्यावर या गुणाचे मोल वाढले आहे. मार्के व आब्रुत्सो या दोन्ही प्रांतांत ही जात आज मोठ्या क्षेत्रावर लावली जाते. ज्या आर्क्वाता गावच्या वेलींपासून हे सारे सुरू झाले ते गाव २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपाने व त्यानंतरच्या धक्क्यांनी उद्ध्वस्त झाले. काड्या तीस वर्षांपूर्वीच खाली आल्या होत्या.

लावणेच बेकायदेशीर

ईशान्येकडील फ्रिउली प्रांताची कथा याहून वेगळी आहे. तेथे जात विस्मरणात गेली एवढेच नव्हे, तर ती लावणेच नियमबाह्य ठरले होते. युरोपीय आर्थिक समुदायाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रांतासाठी मान्य जातींची यादी केली जाते आणि यादीबाहेरील जातीची नवी लागवड करता येत नाही. यादी तयार करताना स्किओपेत्तीनो, पिन्योलो व ताझ्झेलेंगे या फ्रिउलीच्या जुन्या काळ्या जाती तीत आल्या नाहीत. कारण उघड होते. त्यांखाली क्षेत्रच उरले नव्हते. क्षेत्र नाही म्हणून यादीत नाव नाही आणि यादीत नाव नाही म्हणून क्षेत्र वाढत नाही, असा पेच पडला. कागदाच्या कामात असे पेच सर्वत्रच पडतात.

प्रेपोत्तो गावाजवळच्या चियाल्ला खोऱ्यात पाओलो रापुत्सी व त्यांच्या पत्नी दीना यांनी १९७० साली मळा घेतला. फ्रेंच जाती लावण्याचा सल्ला सर्वांनी दिला असताना त्यांनी स्किओपेत्तीनो शोधण्यास सुरुवात केली. आसपासच्या बांधांवर व पडीक मळ्यांत मिळून शंभराच्या आतच वेल सापडले. त्यांच्या काड्यांवरून त्यांनी बाग उभी केली, तीही परवानगी नसताना. दंडाचे भय होते. याच सुमारास, १९७५ साली, नोनीनो या ऊर्ध्वपातनाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाने फ्रिउलीच्या लुप्तप्राय जातींची उत्तम लागवड करणाऱ्यास ‘रिसीत दाऊर’, म्हणजे सोन्याची काडी, हे पारितोषिक ठेवले. ज्या लागवडीस कायदा मनाई करतो तिलाच बक्षीस, असा हा विलक्षण प्रकार होता. वृत्तपत्रांत चर्चा झाली, गावच्या पंचायतीने पाठिंबा दिला आणि त्या दशकाच्या अखेरीस या जातींना अधिकृत मान्यता मिळाली. शासकीय यंत्रणेची येथे चूक झाली होती आणि ती दुरुस्तही झाली. विस्तार कार्यकर्त्यांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ताझ्झेलेंगे या नावाचा अर्थ ‘जीभ कापणारी’. तिचा आंबटपणा तसाच आहे. पिन्योलोचे अखेरचे काही जुने वेल रोझात्सो येथील मठाच्या परिसरात राहिले होते. काही जाती निव्वळ मठाच्या भिंतीमुळे वाचल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पिएमोंतेतील तिमोरास्सो या पांढऱ्या जातीस वाल्टेर मास्सा यांनी तोर्तोना शहराजवळच्या टेकड्यांत १९८० नंतर असेच परत आणले. फळधारणा अनियमित असल्याने शेतकऱ्यांनी ती सोडून कोर्तेझे जात धरली होती. उम्ब्रिया प्रांतात मोन्तेफाल्को येथील साग्रान्तीनो ही अत्यंत तुरट काळी जात मिलान विद्यापीठाच्या सहकार्याने सुधारली गेली. दक्षिणेत काम्पानिया प्रांतात आंतोनिओ मास्त्रोबेरार्दीनो यांनी युद्धानंतर फिआनो, ग्रेको व आल्यानिको या जाती टिकविल्या. याच कुटुंबाकडे पुढे पोंपेई येथील ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन मळ्यांच्या जागी पुन्हा वेल लावण्याचे काम सोपविले गेले.

वळण देण्याच्या काही पद्धती

काम्पानियातच आव्हेर्सा गावाभोवती आस्प्रिनिओ जातीचे वेल पॉप्लरच्या उंच झाडांवर चढवितात. झाडाझाडांमधून वेलींची भिंतच तयार होते व ती कधी कधी १५ मीटरपर्यंत जाते. अरुंद शिडीवर चढून काढणी करतात. माल टोकदार बुडाच्या टोपलीत घालून दोरीने खाली सोडतात. टोपलीचे टोक जमिनीत रुतते, म्हणजे ती कलंडत नाही. नाशिककडील जुन्या लोकांना हे वाचून पांगाऱ्याची आठवण होईल. भोकरीच्या वेलींना पूर्वी पांगाऱ्याच्या झाडाचाच आधार देत असत. इटलीत आता ही पद्धत फार थोड्या शेतांत उरली आहे, कारण शिडीवर चढणारे मजूर मिळत नाहीत.

याच्या अगदी उलट पद्धत पान्तेल्लेरिया बेटावर आहे. सिसिली व आफ्रिका यांच्यामधील या बेटावर वारा सतत वाहतो व पाऊस अत्यल्प पडतो. तेथे जमिनीत उथळ खळगा करून त्यात वेल लावतात व झुडपासारखा बुटका ठेवतात. खळग्यामुळे वाऱ्यापासून संरक्षण होते व पडेल ते पाणी मुळाशी राहते. सर्व कामे वाकून, हातानेच करावी लागतात. या पद्धतीस २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. जात झिबिब्बो ही आहे. हे नाव मनुक्यास असलेल्या ‘झबीब’ या अरबी शब्दावरून आले. काही द्राक्षे उन्हात सुकवून त्यांची गोड वाइन करतात.

सुकविण्याचीच, परंतु सावलीतील रीत ईशान्येकडील वालपोलिचेल्ला खोऱ्यात आहे. कोर्वीना व इतर स्थानिक जातींचे निवडक घोस बांबूच्या ताट्यांवर अथवा खोक्यांत, हवेशीर माळ्यावर तीन ते चार महिने ठेवतात. वजन एक-तृतीयांशापर्यंत वा त्याहूनही अधिक घटते, मग ती द्राक्षे आंबवितात. त्या वाइनला आमारोने म्हणतात. तासगावच्या बेदाणा शेडमधील रॅक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे चित्र काढून दाखविण्याची गरज नाही. या खोऱ्यात वेलींना मंडपाचे वळण देण्याची जुनी चाल अजून आहे.

नाव, लेबल व कायदा

मालाच्या नावाचे संरक्षण करणारा कायदा इटलीने १९६३ साली केला. त्या कायद्याखाली टापू, जात, कमाल उत्पन्न व मुरविण्याचा काळ ठरवून दिला जातो. मान्यता मिळालेली पहिली वाइन १९६६ साली तोस्काना प्रांतातील सान जिमिन्यानो गावची होती. अशा सीमा आखण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १७१६ साली तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने कियांती व इतर काही टापूंच्या हद्दी जाहीर केल्या होत्या.

कायदा झाला म्हणून सर्व ठीक झाले असे नाही. कियांतीच्या १९६७ च्या नियमांत सांजोवेझे या काळ्या जातीत पांढरी द्राक्षे मिसळणे आवश्यक केले होते. त्यातच भरपूर वजन देणाऱ्या निवडी लावल्या गेल्याने वाइन पातळ होऊ लागली व भाव पडले. मग १९८० नंतर बागायतदार संघाने विद्यापीठांसह जुन्या मळ्यांतून सांजोवेझेचे चांगले वेल निवडून नव्या निवडी तयार केल्या व नियमही बदलले.

खरा धक्का १९८६ साली बसला. काही लोभी व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनमध्ये मेथिल अल्कोहोल हे विष मिसळले. त्यात वीसच्या आसपास माणसे दगावली व काहींची दृष्टी गेली. निर्यात कोसळली. ज्यांनी काही केले नव्हते अशा शेतकऱ्यांचा मालही तळघरात पडून राहिला. त्यानंतर स्वस्त, बिननावाच्या मालाचा काळ सरला आणि गावाचे नाव, जातीचे नाव व उत्पादकाचे नाव यांना महत्त्व आले. तिमोरास्सो व पेकोरीनो यांसारख्या जातींना ग्राहक मिळू लागला तो याच काळात.

लेबलवरील नाव गावाचे की जातीचे, हे नेहमी पाहावे लागते. बारोलो हे गाव आहे, जात नेब्बिओलो. ‘बार्बेरा द आल्बा’ यात पहिला शब्द जातीचा, दुसरा गावाचा. मोन्तेपुल्चानो हे आब्रुत्सो प्रांतातील जातीचे नाव आहे आणि तोस्कानातील एका गावाचेही. त्या गावची प्रसिद्ध वाइन मात्र सांजोवेझेपासून होते. एकाच जातीस अनेक नावे असण्याचा प्रकार तर फारच आढळतो. पुलिया प्रांतातील प्रिमितीव्हो व कॅलिफोर्नियातील झिन्फांडेल या दोन जाती एकच असल्याचे आनुवंशिक तपासणीने सिद्ध झाले व २००१ साली त्याच जातीचे जुने वेल क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडले. व्हेनेतो प्रांतातील गार्गानेगा व सिसिलीतील ग्रेकानिको याही एकच होत. पाने व मणी पाहून केलेली ओळख नेहमी खरी ठरत नाही.

महाराष्ट्राशी संबंध

सांजोवेझे जात महाराष्ट्रात आलेली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन भागीदारीतून लावलेल्या मळ्यांत ती व्यापारी प्रमाणावर घेतली जाते. तिची काढणी येथे उन्हाळ्याच्या तोंडावर होते. हवामान, छाटणी व हंगाम सर्व भिन्न असल्याने तोस्कानातील वाइनशी तिची बरोबरी करणे योग्य नव्हे.

आपल्या जुन्या जातींकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. थॉमसन सीडलेस येण्यापूर्वी नाशिक भागात भोकरी, फकडी व पांढरी साहेबी, तर दौलताबादकडे हबशी व साहेबी या जाती होत्या. त्या मूळच्या येथल्या नसल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्या येथील जमिनीत रुळलेल्या होत्या. त्यांपासून चांगली वाइन होईल असा दावा करण्यास आधार नाही. परंतु भुरी, केवडा व करपा यांस तोंड देणाऱ्या नव्या जातींची पैदास करताना जुना वेल हाताशी असला पाहिजे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षजातींचा संग्रह जतन केलेला आहे.

गावात, परसात, विहिरीच्या काठी अथवा जुन्या वाड्यात बियांच्या द्राक्षाचा जुना वेल दिसल्यास ग्रामसेवकांनी पुढील नोंद करावी : जागा, मालकाचे नाव, वेलाचे अंदाजे वय, घरात त्यास म्हणत असलेले नाव, फळाचा रंग व आकार, बियांची संख्या, फळ पिकण्याचा महिना आणि रोग पडतो किंवा कसे. जाणत्या वृद्धांना विचारून नाव लिहावे, स्वतः तर्काने देऊ नये. वेल तोडण्याचा मालकाचा विचार असल्यास आधी छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व, तीन-चार डोळ्यांच्या दहा-पंधरा काड्या घ्याव्यात. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठी बांधून सावलीत ठेवाव्यात व शक्य तितक्या लवकर संशोधन केंद्राशी किंवा जवळच्या तालुका कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा. चिठ्ठी शाईने न लिहिता शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओल्याने पुसली जाते.